ठिपका पेडर रोडवर

नमस्कार श्रोतेहो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पळणाऱ्या माणसानं घरी बसायचं म्हणजे पंगत वाढलेली असताना उपास धरायचा.

त्या दिवशी मुंबईची मॅरेथॉन असते. माझा नंबर घेऊन ठेवलेला, पण डाव्या पायाची नडगी दुखावली आणि आमच्या सरांनी फर्मान काढलं, सहा आठवडे पळणं बंद, क्रॉस-ट्रेनिंग करायचं, म्हणजे पळण्याऐवजी दुसरा व्यायाम. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. पाण्यात आणि सायकलवर तो येत नाही, धाप मात्र तशीच लागते. एवढं ध्यानात ठेवा, पायाला सुट्टी, छातीला नाही.

म्हणून सकाळी सातला मी आमच्या मळ्यातल्या विहिरीत. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, वर वाफ तरंगत असते. पाठीला पांगारा, म्हणजे पाण्यावर तरंगणारं हलकं लाकूड, बांधायचा आणि तळाला पाय न टेकवता जागच्या जागी पळायचं. यासाठी आता खास पट्टे विकत मिळतात म्हणे. आमच्याकडची पोरं पांगाऱ्यावरच पोहायला शिकली. हल्ली विहिरी बुजवून त्यावर मंगल कार्यालयं उभी राहतात, पण ते जाऊ दे.

आठ वाजता ओसरीवरच्या व्यायामाच्या सायकलवर बसले. सरांनी सांगितलेलं, पंचेचाळीस मिनिटं, तीही गप्पा मारता येतील इतक्या हळू. समोर स्टुलावर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. त्यातल्या नकाशावर माझ्या तीन सोबत्यांचे तीन ठिपके, कोण कुठवर पोचला ते दाखवणारे. दोघांची अर्धी मॅरेथॉन झाली होती. तिसरा गडी पूर्ण बेचाळीस किलोमीटरला, आणि त्याची आई, म्हणजे आमची शेजारची मावशी, मोबाईलसमोर पाटावर बसलेली.

ठिपका वरळी सोडून आला, पेडर रोडच्या चढाला लागला आणि थांबला. चांगला दहा मिनिटं थांबला.

"काय गं, बसला का तो?" मावशी.

खरं तर नंबराच्या कागदामागं चिप असते, रस्त्यावर पट्टा अंथरलेला असतो, त्यावरून गेलं की वेळ नोंदते. मधल्या वाटेत ठिपका नुसता अंदाजानं सरकतो. हे मी मावशीला दोनदा समजावलं. तिनं दोनदा मान हलवली आणि देव्हाऱ्यात उदबत्ती लावून आली. मी म्हटलं, मावशी, आपल्या माणदेशातली ललिता बाबर 2012 ते 2014 सलग तीन वर्षं तिथं भारतीय बायकांत पहिली आली, तीही हाच चढ चढली. "ती चढली गं," मावशी म्हणाली, "ह्याला आमच्या माडीचा जिना चढवत नाही."

ठिपका हलेना. वीस मिनिटं झाली, तीस झाली. माझे पाय आपोआप जोरात फिरायला लागले, जणू मी पायडल मारलं की तो पुढं सरकणार. घाम सीटवरून फरशीवर टपटपत होता.

तेवढ्यात मावशीच्या फोनवर अनोळखी नंबर. "आई, मी पोचलो! कुणाच्या तरी फोनवरून बोलतोय."

मावशीनं मोबाईलकडं पाहिलं, मग फोनमध्ये खेकसली, "खोटं बोलू नकोस. तू पेडर रोडवर आहेस!"

तो शपथा घेतोय, मेडल दाखवू का म्हणतोय, ही ऐकायला तयार नाही. शेवटी उलगडलं. उकडायला लागल्यावर गड्यानं नंबराचा कागद दुमडून कमरेच्या पट्ट्यात खोचला होता, चिपसकट. रस्त्यावरच्या पुढच्या पट्ट्यांना तो दिसलाच नाही. (मेडलचं म्हणाल तर, आता शर्यत पुरी करेल त्याला मिळतं. माझ्या मते तिथं गुळाची ढेप द्यावी.)

मी सायकलच्या काट्याकडं पाहिलं. एक तास पन्नास मिनिटं. सरांनी सांगितली होती पंचेचाळीस. नडगीनं चकार शब्द काढला नाही. मांड्यांनी मात्र तीन दिवस मला ओसरीची पायरी उतरू दिली नाही.