भांडण भाषेचं नव्हतंच

नमस्कार मंडळी. युक्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे कट्ट्यावर एक उत्तर तयारच असतं, अहो तिथे निम्मे रशियन बोलतात निम्मे युक्रेनियन, जमणार कसं त्यांचं? मला काही हे पटत नाही, का ते सांगते.

21 नोव्हेंबर 2013. युक्रेनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारने युरोपियन युनियनसोबतचा करार ऐनवेळी गुंडाळून ठेवला, मॉस्कोचा दबाव होताच. त्या संध्याकाळी मुस्तफा नायेम या पत्रकाराने फेसबुकवर टाकलं की रात्री साडेदहाला राजधानी कीवच्या मैदानात (मैदान म्हणजे तिथला स्वातंत्र्य चौक) भेटू, गरम कपडे घाला, छत्र्या, चहा-कॉफी आणि मित्रमंडळी घेऊन या. आता गंमत बघा, हा माणूस जन्माने काबूलचा आणि पोस्ट चक्क रशियनमध्ये!

सुरुवातीला कॉलेजची पोरंच जास्त होती. 30 नोव्हेंबरच्या पहाटे बेर्कुत नावाच्या दंगलविरोधी पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं, पोरं जीव घेऊन पळाली ती टेकडीवरच्या सेंट मायकेलच्या मठात शिरली, मठवाल्यांनी त्यांना आत घेऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी लाखो लोक रस्त्यावर, आणि मग करारबिरार राहिला बाजूला, आमच्या पोरांना मारलंतच का हा प्रश्न झाला. 2014 च्या जानेवारीत मैदानाजवळ गोळ्या लागून जे पहिले दोघं गेले त्यातला एक आर्मेनियन घरातला, दुसरा बेलारूसचा. फेब्रुवारीपर्यंत शंभराच्या आसपास माणसं गेली, यानुकोविच पळाले, 22 तारखेला संसदेने त्यांना 328 मतांनी हटवलं.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी याच संसदेने माती खाल्ली. रशियन भाषेला प्रादेशिक दर्जा देणारा कायदा रद्द करायचं ठरवलं. त्यावर सही झालीच नाही म्हणा, पण मॉस्कोच्या हातात आयतं कोलीत मिळालं. 27 तारखेला बिनबिल्ल्याचे, म्हणजे गणवेशावर कुठल्याच देशाची खूण नसलेले, रशियन बंदूकधारी युक्रेनच्या क्रिमिया द्वीपकल्पाच्या संसदेत घुसले, 18 मार्चला पुतिननी क्रिमिया रशियाला जोडून टाकला.

भाषेवरूनच फाटलं म्हणणाऱ्यांनी सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडण्यासाठी युक्रेनमध्ये झालेलं 1991 चं मतदान बघावं. पूर्वेकडच्या, रशियन बोलणाऱ्या दोनेत्स्कमध्ये स्वातंत्र्याला 80 टक्क्यांवर होकार, अगदी क्रिमियातसुद्धा निम्म्याहून जास्त. खारकीव शहरात तर रोजच्या बोलण्यात रशियनच, आपली मेडिकलची पोरं तिथेच शिकत होती, 2022 मध्ये रशियाने हल्ला केला तेव्हा मेट्रो स्टेशनात लपून होती ती, आणि रशियाचे गोळे पडत होते ते त्याच रशियन बोलणाऱ्यांच्या बिल्डिंगांवर.