नागपुरात पाहावं काय?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मंडईच्या जत्रेतल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायाबापड्यांनो,

दुपारी दंडारीचं लोकनाट्य झालं, रात्री नाटक आहे, आणि मधल्या फटीत मला बसवलंय. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आलेले नाहीत, जागा धरायला आलेले आहात. चालेल.

विषय आहे ‘नागपुरातले पाहण्यासारखे सांस्कृतिक कार्यक्रम’. पण आधी पासबद्दल बोलतो. माझ्या पोटात ते बरेच दिवस आहे.

पेपरात जाहिरात येते : ‘प्रवेश विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक’. प्रवेशिका कुठे? शहरातल्या एका दुकानात, दोन दिवस, सकाळी. आता धान कापणीच्या दिवसांत ब्रह्मपुरीहून माणसानं सकाळी पास आणायला जावं अन् संध्याकाळी गाणं ऐकायला पुन्हा जावं? नागभीडची छोटी रेल्वेगाडी होती तेव्हाही हे जमलं नसतं.

तरी एकदा गेलो. सोबत आमचा पेटीवाला, खडी गंमतीच्या तमाशात अख्खी रात्र पेटी वाजवणारा माणूस. सभागृहाचं नाव सांगत नाही. दारावरचा पोरगा म्हणतो, “काका, पास?” मी म्हटलं, “बाप्पा, शंभर किलोमीटरवरून आलो.” तो म्हणतो, “मग तर पास आणायलाच पाहिजे होता.” तर्क बिनतोड!

आम्ही स्कूटर स्टँडवर उभे राहिलो. भोंग्याचा आवाज तिथवर येत होता. पेटीवाला कान देऊन म्हणतो, “गुरुजी, बाईनं काळी पाचचा सूर लावला.” थोड्या वेळानं म्हणतो, “तबला उतरून राहिला.” आणि खरंच, आत हातोडीची ठकठक सुरू झाली. तेवढ्यात पोरगा चहाला गेला, दार किलकिलं राहिलं. पाहतो तर पुढे पांढऱ्या खोळीचे सोफे, प्रत्येकावर ‘निमंत्रित’ची चिठ्ठी, अन् निमंत्रित एकही नाही! सूर ओळखणारा पार्किंगमध्ये आणि सोफ्यावर चिठ्ठी. (हसा, हसा. पास लागत नाही.)

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, नाटकाला असं होत नाही. मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी करार करतं, तिकीट लावतं. ज्यानं तिकीट काढलं तो आत, मग तो सरपंच असो की सालगडी. कुरखेड्याच्या डॉ. परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तिकडे ऑर्गनवाला सूर लावून राहिला, मलाही ऐकू येतंय.

तर मुख्य मुद्दा. माझं म्हणणं एवढंच, की नागपुरात जिथे दारच नाही तिथे आधी जा. पहिली मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. आपणही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जाय गे मारबत’ म्हणत ईडापीडा गावाबाहेर काढतो, पण नागपूरची काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. दोघी जुन्या वस्तीत समोरासमोर येतात तेव्हा चेंगरायची तयारी ठेवा. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात. महागाई, पुढारी, भ्रष्टाचार, कुणालाच सोडत नाहीत. टीका शिकायची तर तिथे.

दुसरी दीक्षाभूमी. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा 14 ऑक्टोबर 1956 आपल्याला माहीत आहे, सांगत बसत नाही. विजयादशमीला जा आणि रिकामी पिशवी न्या. पुस्तकांची दुकानं पाहत पाहत अर्धा दिवस जातो, भीमगीतं कानावर पडत राहतात. या वाचनालयानं खरेदी तिथूनच करावी, हा ठराव मी आत्ताच मांडतो.

हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तशिल्पाचा मेळा असतो, लोकनृत्यं असतात. तिथे… हो हो, संपवतो.

पोरं सोबत असली तर संग्रहालयाचा अजब बंगला, 1863 सालचा. तिकीट आहे, पण पास नाही. सोमवारी तेवढं जाऊ नका, बंद असतो.