या वाईनमध्ये लोणी आलं कुठून?

नमस्कार मंडळी! आज समोर आहे कॅलिफोर्नियाची शार्डोने, म्हणजे याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, सोनोमामधल्या रशियन रिव्हर व्हॅलीची. बाटली फ्रीजबाहेर काढून २० मिनिटं झालीत, मुद्दामच. फार गार असली की वास दडून बसतो. १२ अंशांच्या आसपास आली की खुलते.

(ग्लास कोऱ्या कागदासमोर तिरका धरून) रंग फिकट सोनेरी, स्वच्छ. बास, रंगावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता नाक. आधी ग्लास न हलवता: पिकलेलं नाशपती, सफरचंद. (ग्लास गोल फिरवून) आता व्हॅनिला, आणि त्यामागून... लोणी! ताक घुसळून नुकतंच काढलेलं असतं ना, अगदी तसं.

द्राक्षात लोणी नसतं. आंबवण झाल्यावर वाईनमध्ये जीवाणू कामाला लागतात. हिरव्या सफरचंदातलं झोंबणारं मॅलिक ॲसिड खाऊन ते दह्यातलं सौम्य लॅक्टिक ॲसिड तयार करतात. या खटाटोपात डायअसेटिल नावाचं द्रव्य तयार होतं. खऱ्या लोण्याचा वासही त्याचाच! व्हॅनिला मात्र ओकच्या लाकडी पिंपातून आला. म्हणजे आत्तापर्यंत आपण वाईनरीची कारागिरी हुंगली. द्राक्षाचं काय?

त्यासाठी घोट घ्यायचा. (घोट घेऊन, थांबून) गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटतंय? मला सुटतंय. म्हणजे आंबटपणा शाबूत आहे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात द्राक्षं चटकन गोड होतात, साखर वाढली की अल्कोहोलही चढतं. या बाटलीवर १४ टक्के लिहिलंय. पण या खोऱ्यात पॅसिफिकवरून धुकं शिरतं, रात्री गार होतात, म्हणून आंबटपणा टिकतो. हे धुकं नसतं तर हातात नुसतं व्हॅनिलाचं सरबत आलं असतं.

याच राज्याच्या शार्डोनेने १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना चकवलं होतं. लेबलं झाकून चाखलेल्या पांढऱ्या वाईन्समध्ये पहिली आली शातो मॉन्टेलेना या कॅलिफोर्नियातल्या वाईनरीची १९७३ची बाटली, फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या नामांकित वाईन्सना मागे टाकून.

आपल्या बाटलीचं म्हणाल, तर फळ छान, चव बराच वेळ रेंगाळते, ओक मात्र माझ्या जिभेला जरा जास्त. सोबत तिखट रस्सा नको हं, अल्कोहोलने तोंड आणखी भाजेल. बटर-लसणातली कोळंबी चालेल.

ग्लास अर्धा तास असाच ठेवतोय. गरम झाल्यावर व्हॅनिलाने नाशपतीला गिळलं, तर गुण कापणार.