हे वाक्य खोटं आहे!

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच वाक्याबद्दल बोलायचंय, "हे वाक्य खोटं आहे". खरं धरलं तर ते स्वतःच सांगतंय की मी खोटं, आणि खोटं धरलं तर ते सांगतंय तेच बरोबर निघतं, म्हणजे परत खरं! युबुलिडिस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर हा पेच आहे, इसवी सनापूर्वी चौथं शतक, आणि सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून कोणाला देता आलेलं नाही.

बरेच जण म्हणतात शब्दांचा खेळ आहे, सोडा हो. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीत गॉटलोब फ्रेगे हा गणितज्ञ सगळं अंकगणित लॉजिकच्या पायावर उभं करत होता, कित्येक वर्षांचं काम, त्यावरच्या पुस्तकाचा दुसरा खंड छापायला गेलेला, आणि जून १९०२ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं पत्र आलं, त्यात याच जातीचा पेच होता. जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? हो म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर हो. फ्रेगेला पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट जोडून आपला पायाच डळमळला हे मान्य करावं लागलं. केवढा प्रामाणिक माणूस!

आपल्याकडे व्याकरणकार भर्तृहरीने साधारण पाचव्या शतकात वाक्यपदीय या भाषेवरच्या ग्रंथात अगदी असंच वाक्य घेतलंय, "मी बोलतो ते सगळं खोटं". तो म्हणतो, बोलणाऱ्याला त्यात हे वाक्य धरायचंच नसतं. रोजच्या बोलण्यापुरतं मला हे उत्तर फार आवडतं, पण कोणी मुद्दाम "हेच वाक्य" म्हटलं की ते अपुरं पडतं.

मग १९३० च्या दशकात टार्स्की हा लॉजिकचा अभ्यासक म्हणाला भाषेचे थर करा, खालच्या थरातल्या वाक्याला खरं-खोटं ठरवायचं ते वरच्या थरातून. गणितात हे चालतं, पण आपण मराठीतल्या वाक्याला खरं की खोटं ते मराठीतच म्हणतो ना, थर आणायचे कुठून?

ग्रॅहम प्रीस्ट हा तत्त्वज्ञ तर म्हणतो की असलं वाक्य खरंही आहे आणि खोटंही, मान्य करून टाका. नेहमीच्या लॉजिकमध्ये एक विसंगती मानली की काहीही सिद्ध करता येतं, म्हणून तो तो नियमच काढून टाकतो. इतक्या लांब जायला माझं मन तयार नाही, पण त्याचं म्हणणं चूक आहे हे दाखवायला विसंगती चालत नाही हे आधीच गृहीत धरावं लागतं, आणि वाद तर नेमका त्यावरच आहे.