देव पाहत नसेल तर

मित्रहो, देवावर श्रद्धा नसेल तर माणसं नीतीने वागतील का, हा प्रश्न फार कमी वेळा प्रश्न म्हणून विचारला जातो. उत्तर आधी ठरलेलं असतं, प्रश्नचिन्ह मागाहून चिकटवलेलं असतं. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीच्या १८८० सालच्या 'कारामाझोव बंधू' या कादंबरीतला इव्हान एका विचाराने पछाडलेला आहे: देव नाही, अमरत्व नाही, म्हणजे मग काहीही केलं तरी चालेल. त्या बिचाऱ्याचं डोकं या विचाराने फिरतं. आपल्याकडचे लोक मात्र हेच वाक्य गप्पांच्या ओघात टाकून देतात.

असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो. समजा, उद्या सकाळी तुमची पक्की खात्री पटली की देव नाही. दुपारपर्यंत तुम्ही काय कराल? कोणाचं घर फोडाल? म्हाताऱ्या आईवडिलांना बाहेर काढाल? माणूस आधी हसतो, मग जरा चिडतो आणि म्हणतो, 'अहो, मी नाही हो! पण बाकीचे लोक...' हे बाकीचे लोक कोण, ते मला अजून भेटायचे आहेत. ज्याला विचारावं तो स्वतःबद्दल निर्धास्त असतो. देवाचा धाक हवा तो शेजाऱ्याला.

आणि हा संशय चांगलाच खोल रुजलेला आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९ साली ३४ देशांत लोकांना विचारलं, की नीतिमान असण्यासाठी देवावर श्रद्धा हवीच का. देशांचे आकडे क्रमाने लावून मधला, म्हणजे मध्यक, काढला तर ४५ टक्के लोक 'हो' म्हणाले. त्याच्या दोन वर्षं आधी मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने १३ देशांत एक युक्ती केली. प्राण्यांचा छळ करत मोठा झालेला आणि पुढे खुनी बनलेला एक माणूस लोकांपुढे वर्णन करून ठेवला आणि तो कोण असण्याची शक्यता जास्त, असं विचारलं. लोकांच्या मनाने धार्मिक माणसापेक्षा नास्तिकाकडे झटकन धाव घेतली. यात नवल नाही. नवल हे, की उत्तरं देणाऱ्यांत जे स्वतः नास्तिक होते त्यांचाही कल तिकडेच होता. नास्तिकाचाही नास्तिकावर भरवसा नाही!

हा अविश्वास नुसता मनात राहिला असता तर सोडून दिलं असतं. पण त्याचे कायदे झाले. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक हा सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरच्या पत्रात तो बऱ्याच पंथांना सामावून घेतो आणि नास्तिकांपाशी येऊन थांबतो. कारण काय, तर वचन, करार आणि शपथ या समाजाला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी, आणि नास्तिकाला त्यांचं बंधन नाही. याच्या सात वर्षं आधी पिएर बेल नावाच्या फ्रेंच विचारवंताने धूमकेतूवर लिहिता लिहिता नेमकं उलट म्हणून ठेवलं होतं. माणसं आपल्या तत्त्वांप्रमाणे जगतच नाहीत. जगतात स्वभावाप्रमाणे, सवयीप्रमाणे, अब्रूच्या धाकाने. म्हणून नास्तिकांचा समाजही रीतसर चालू शकेल. बेल स्वतः श्रद्धावान असल्याचं सांगत असे. त्याने फक्त आजूबाजूच्या श्रद्धावानांचं वागणं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

लॉकचा मुद्दा पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात किती हास्यास्पद झाला, ते बघा. चार्ल्स ब्रॅडलॉ हा जाहीर नास्तिक १८८० साली नॉर्थहॅम्प्टनमधून निवडून आला. त्याने सरळ सांगितलं, मी देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करतो. सभागृह म्हणालं, चालणार नाही. मग तो शपथ घ्यायला तयार झाला, तर म्हणाले, तुझा देवावर विश्वास नाही, तुझी शपथ खोटी. एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळ-मनोऱ्यातल्या कोठडीत काढावी लागली. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि अखेर १८८६ साली त्याला आसन मिळालं. १८८८ साली प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा झाला, तो त्याच्याच खटपटीने. याच ब्रॅडलॉने भारताचे प्रश्न त्या सभागृहात इतक्या चिकाटीने मांडले, की १८८९ च्या मुंबई काँग्रेसमध्ये त्याचं जंगी स्वागत झालं. आता विचार करा. पहिल्याच दिवशी त्याने मनातलं मनात ठेवून निमूट शपथ उरकली असती, तर कोणी हरकत घेतली असती का? आतून काही न मानणारे कितीतरी सभासद शपथ घेऊन बसलेले असणारच. अडवला गेला तो खरं बोलणारा.

बरं, प्रत्यक्षात माणसं कशी वागतात? २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना त्यांच्या फोनवर दिवसातून काही वेळा विचारलं गेलं, की गेल्या तासाभरात तुम्ही एखादं चांगलं किंवा वाईट कृत्य केलंत का, तुमच्या बाबतीत कोणी केलं का. धार्मिक आणि अधार्मिक यांच्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. माणसं स्वतःबद्दल सांगतात तेव्हा थोडं सावरून सांगणारच, हे मान्य. म्हणून दुसरा प्रयोग सांगतो, तो सांगण्यावर नव्हता, करण्यावर होता. १९७३ साली प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषणाला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारात पडलेला. काही विद्यार्थ्यांचा भाषणाचा विषयच मुळी वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी शोमरोन्याची बायबलमधली कथा हा होता! थांबलं कोण? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के, आणि ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, धर्माविषयीची धारणा कोणती, यावरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घड्याळावरून सांगता आलं.

पण श्रद्धावानांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं म्हणून मी पुढे गेलो तर ती चलाखी होईल. त्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. २०१६ साली पॅसिफिक महासागरातल्या वानुआतूपासून सायबेरियापर्यंत आठ समाजांतल्या ५९१ लोकांना एक नाण्यांचा खेळ दिला गेला. फासा टाकायचा आणि तो सांगेल त्याप्रमाणे नाणी कोणाच्या पेल्यात टाकायची ते ठरवायचं: स्वतःच्या, गावकऱ्यांच्या, की दूर कुठेतरी राहणाऱ्या अनोळखी माणसाच्या. खेळणारा एकटा. फसवलं तर कळायला मार्ग नाही. ज्यांचा देव मनातलं जाणणारा आणि शिक्षा करणारा होता, ते त्या दूरच्या माणसाशी जास्त सचोटीने वागले. लहान टोळीत सगळे एकमेकांना ओळखतात, लबाडी लपत नाही. पण व्यापार वाढला, नगरं झाली, ज्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही अशा माणसाशी व्यवहार करायची वेळ आली, तेव्हा सर्वसाक्षी देवाने मोठं काम केलं असणार. हे मी मनापासून मानतो, आणि नास्तिक मित्रांना हे ऐकवताना ते जरा नाराज होतात.

फक्त एक बारीकशी अट लक्षात घ्या. त्या खेळातला दूरचा माणूस खेळणाऱ्याच्याच धर्माचा होता. परधर्मीयाच्या पेल्यात किती नाणी पडली असती, याबद्दल हा प्रयोग काही बोलत नाही. आणि शिक्षा हा शब्दही निसटू देऊ नका. २०११ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना परीक्षेत कॉपी करायची सोय मुद्दाम ठेवली होती. देव मानतो की नाही यावरून कॉपीत फरक पडला नाही. पडला तो देव कसा यावरून. ज्यांचा देव कठोर होता ते कमी फसवत होते, ज्यांचा देव मायाळू, क्षमाशील होता ते जास्त. हे कळायला खरं तर प्रयोग कशाला हवा? दिवसभर लुबाडायचं आणि संध्याकाळी देवापुढे भरघोस दान ठेवायचं, ही वाट सगळ्या धर्मांत मळलेली आहे. जो सगळं पाहतो तो सगळं पोटात घालतो, अशी समजूत करून घेतली की पाहण्याचा धाक उरत नाही.

आता स्टालिनचं नाव कोणीतरी घेणारच, म्हणून आधीच घेतो. नास्तिक राजवटींनी माणसं मारली, धर्माच्या नावाने लढणाऱ्यांनीही मारली. हा हिशोब दोन्ही बाजूंनी कितीही लांबवता येतो आणि त्यातून एवढंच कळतं, की ज्याला जाब विचारणारं कोणी नाही अशी सत्ता भयंकर असते. डेन्मार्क, स्वीडनमध्ये देव मानणारे जगाच्या मानाने बरेच कमी आहेत आणि तिथे खून फार कमी होतात. तिथली न्यायालयं, नोंदी, हिशेब तपासनीस हे आपापली कामं करतात. पाहणारा कोणीतरी हवा असेल, तर तो आकाशातच असला पाहिजे असं नाही.

इथे एक शंका उरते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पाहणाऱ्याच्या धाकाने केलं त्याला नीती म्हणायचं का? या शंकेसाठी नास्तिक असावं लागत नाही. वनपर्वात द्रौपदी धर्मराजाला चांगलंच फैलावर घेते. तुम्ही इतका धर्म पाळलात, मिळालं काय? रान. युधिष्ठिर तिला नास्तिकासारखं बोलू नकोस म्हणतो, पण त्यापाठोपाठ जे सांगतो ते फार मोलाचं आहे: मी फळ मिळावं म्हणून धर्म करत नाही, द्यायला हवं म्हणून देतो, धर्माचा व्यापार करणारा हा सगळ्यांत हीन. वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांनी तर जगाचा कर्ता ईश्वर नाकारला. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी त्याच्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केले, आणि कर्तव्याबद्दल त्यांच्याइतकं काटेकोर कोणी नव्हतं. जैनांनी आणि बौद्धांनी सृष्टिकर्त्यावाचून अहिंसेची आणि करुणेची केवढी इमारत उभी केली! कर्मसिद्धान्त आहे तिथे शिक्षा आहेच, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण शिक्षा करणारा नाही.

लॅरी नुची या मानसशास्त्रज्ञाने कर्मठ ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांना विचारलं होतं, की देवाने तसा नियम केलाच नसता तर विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम करणं चालेल का. मुलं म्हणाली, चालेल. मग देवाने चोरीबद्दल काही सांगितलं नसतं तर चोरी चालेल का? नाही. का नाही? ज्याचं चोरलं त्याला वाईट वाटेल. देवाला प्रिय म्हणून ते चांगलं, की चांगलं म्हणून देवाला प्रिय, हा प्लेटोने युथिफ्रो संवादात घातलेला घोळ या पोरांनी बसल्या बैठकीत सोडवला होता.

मग श्रद्धा गेली की काही जात नाही का? जातं. रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या धार्मिक जीवनाचा मोठा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. चर्चला नियमित जाणारे लोक खरंच जास्त दान देतात, जास्त स्वयंसेवा करतात, धर्माशी संबंध नसलेल्या कामांसाठीसुद्धा. पण देवावर किती विश्वास, नरक मानता की नाही, याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. संबंध होता तो तिथे जमलेल्या मैत्रीशी. जोडीदारामुळे चर्चच्या गोतावळ्यात ओढला गेलेला नास्तिक लोकांच्या मदतीला धावण्याची शक्यता, घरी एकट्याने प्रार्थना करणाऱ्या परमभक्तापेक्षा जास्त निघाली.

माझ्या नास्तिक मित्रांची खरी अडचण इथे आहे, आणि ते तिच्याकडे पाहत नाहीत. आमच्या संघटना वाद उत्तम घालतात, व्याख्यानं ठेवतात, हे त्यातलंच एक. पण सभासदाच्या घरी कोणी आजारी पडलं तर रात्री दवाखान्यात थांबायला पाळीपाळीने कोण जाणार, याची यादी बहुतेक ठिकाणी नसते. प्रार्थनास्थळाभोवती ती यादी न लिहिताही तयार असते. तुमच्यापैकी कोणाला ईश्वराच्या अस्तित्वावर आणखी प्रश्न विचारायचे असतील तर जरूर विचारा, पण मला आधी त्या यादीबद्दल बोलायला आवडेल.