घासलं की गेलं: जुन्या नाण्याची ग्रेड ठरते कशी

छतावरची ट्यूब बंद केलीय, टेबलावर एकच दिवा. आता स्क्रीनवरच्या हाताकडे बघा. नाणं काठावर धरलंय, अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला, नाण्याच्या चेहऱ्याला काहीच लागत नाहीये, कारण बोटाचा घाम आणि तेल चांदीवर जो ठसा सोडतं तो आज दिसत नाही, काही वर्षांनी काळा होऊन वर येतो आणि मग जात नाही. खाली मऊ कापड अंथरलंय, सुटलंच हातातून तर.

आता हळूहळू फिरवतायत.

उजेडाची पट्टी बघा, नाण्यावरून गोल फिरतेय, चाकाच्या आऱ्या फिराव्यात तशी. एक फेरी पूर्ण होऊ दे, तोवर मी बोलत नाही.

याला लस्टर म्हणतात. ही पॉलिशची चमक नाही. टांकसाळीत कोरी चकती दोन डायच्या, म्हणजे उलटा ठसा कोरलेल्या साच्यांच्या, मध्ये दाबली जाते तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो आणि सरकताना इतक्या बारीक रेघा उमटतात की नुसत्या डोळ्याला त्या दिसतच नाहीत, फक्त उजेड त्यांच्यावरून परततो आणि आपल्याला ती पट्टी दिसते. म्हणजे आत्ता स्क्रीनवर जे दिसतंय ती नाणं पाडलं त्या क्षणाची कातडी आहे, शंभराहून जास्त वर्षं टिकलेली. ती एकदाच तयार होते, दुसऱ्यांदा कुणालाच तयार करता येत नाही.

हातातलं नाणं म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर, ९० टक्के चांदी, २६.७३ ग्रॅम. १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली हे पाडले गेले, आणि ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची अवस्था आकड्यात ठरवणं, शिकायला बरं पडतं कारण त्यावरचा स्वातंत्र्यदेवीचा चेहरा मोठा आहे, गाल मोकळा आहे, काही लपत नाही.

जवळ जाऊया. कानाच्या वरचे केस. झीज आधी लागते ती उंच भागाला, मागच्या बाजूला गरुडाच्या छातीला. फिरणारी पट्टी इथे येऊन तुटते बघा, आणि मधे राखाडी मळकट ठिपका राहतो. भिंग नंतर घ्या, आधी हा ठिपका नुसत्या डोळ्याने शोधायला शिका, तो सापडला की हे नाणं लोकांच्या हातात फिरलंय एवढं पक्कं.

आता दुसरं नाणं. इथेही कानावरचे केस सपाट आहेत, अगदी गुळगुळीत, आणि बघणारा म्हणणार की हे तर जास्तच झिजलंय. पण फिरवा. सपाट भागावरूनही पट्टी न तुटता जातेय, म्हणजे झीज नाहीच, ठसाच कमी दाबाने पडला, डायच्या सगळ्यात खोल खाचेत धातू पोचलाच नाही. मागे पुष्पचक्राच्या गाठीखाली 'ओ' हे अक्षर दिसतंय, न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ, तिथल्या बऱ्याच डॉलरची हीच कहाणी. फोटोवरून ग्रेड सांगणारे इथेच चुकतात, कारण फोटोत पट्टी फिरत नाही.

गालावरचे हे ओरखडे आणि खड्डे वापराचे नाहीत. हे डॉलर हजार हजारांच्या कापडी पिशव्यांतून ठेवायचे, एका पिशवीचं वजन जवळजवळ २७ किलो, आणि पिशवी उचलली आपटली की नाणं नाण्यावर घासायचं. त्यामुळे कधीच न वापरलेलं नाणंसुद्धा असं खरचटलेलं असतं. खूण केसांत असेल तर चालून जाते, गालावर असेल तर ग्रेड उतरते, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण नजर आधी गालावरच जाते.

आणि हे तिसरं. लांबून तिघांत हेच सगळ्यात पांढरं, सगळ्यात झगमगीत. आता भिंगाखाली बघा.

रेघा. एकाच दिशेने, शेजारी शेजारी, केसाएवढ्या बारीक, डोळ्यावर, गालावर, अक्षरांच्या मधल्या जागेत. कुणीतरी पेस्ट लावून फडक्याने पुसलंय, बहुतेक प्रेमानेच. फिरवा, पट्टी फिरतच नाही, सगळीकडे एकसारखा चकचकाट आहे आणि आत काही नाही. अक्षरांच्या कोपऱ्यात जो काळपटपणा उरलाय तेवढीच जुनी चांदी. तो काळेपणा, ज्याला घाण समजून घासलं, तो हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला पातळ थर होता, राहू दिला असता तर खालची कातडी शाबूत राहिली असती.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. ग्रेडची १ ते ७० ही मोजपट्टी नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली, अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, पुढे ती बाकीच्या नाण्यांनाही लागली. गुड ४, फाइन १२, व्हेरी फाइन २०, एक्स्ट्रीमली फाइन ४०, अबाऊट अनसर्क्युलेटेड ५० पासून, आणि ६० पासून वर मिंट स्टेट, म्हणजे झीज शून्य. ७० म्हणजे पाचपट भिंगाखालीही टांकसाळीबाहेर लागलेली एकही खूण नाही. घासलेल्या नाण्याला ग्रेडिंग कंपन्या सहसा आकडाच देत नाहीत, डबीवर 'क्लीन्ड' लिहून येतं आणि किंमत पडते.

परत पहिल्या नाण्याकडे. कानावर राखाडी ठिपका, छातीवर थोडासा, बाकी मोकळ्या भागात पट्टी फिरतेय, गाल बऱ्यापैकी स्वच्छ. मी ५५ म्हणेन, ५८ म्हणणाराही कुणी भेटेल आणि तो चुकीचा नसेल. आता ते कडक प्लास्टिकच्या डबीत जातंय, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाही, त्याने नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो.

डबी बंद होतेय. काठाजवळ उजेड अजून हलतोय, दिसतोय का बघा.