मेसा ड्रायव्हर डीबग करताना : आधी थर शोधा, मग दोष

मंडळी, लिनक्सवर खेळ अडखळला किंवा पडद्यावर चौकोनी ठिपके उमटले की संशयाची सुई थेट ड्रायव्हरकडे वळते. पण प्रोग्राम आणि पडदा यांच्या मध्ये मेसा (लिनक्सवरचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर असलेला संच), कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) ड्रायव्हर आणि प्रत्यक्ष ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, असे थर असतात. डीबगचे पर्याय आहेत ते यातला एकेक थर बाजूला काढून बघण्यासाठी. सगळे एकदम लावाल तर लॉगचा ढीग पडेल, हाती काही लागणार नाही. (आज मी जी व्हेरिएबलं, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याच्या आधी लिहायच्या सेटिंगा, सांगणार आहे त्यांची नावं टर्मिनलवर मोठ्या रोमन अक्षरांत टाइप करायची, ‘=’नंतरचा भाग लहान अक्षरांत.)

सुरुवात ‘जीएलएक्सइन्फो -बी’ या कमांडपासून, ती कोणता ड्रायव्हर चित्र काढतोय ते सांगते. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर सगळं काम सीपीयूवर चाललंय. मग ‘हळू चालतं’ या तक्रारीत ड्रायव्हरचे बग शोधत बसू नका. बूट करताना ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हर बंद ठेवणारा पर्याय) राहून गेलंय का, रेंडर नोड (प्रोग्राम ज्यातून जीपीयू वापरतो ती डिव्हाइस फाइल) उघडायची परवानगी आहे का, ते बघा. ‘लिबजीएल_डीबग=व्हर्बोस’ लावून प्रोग्राम चालवला की ड्रायव्हर कुठे अडला ते बहुतेक वेळा कळतं.

हार्डवेअर चालू आहे, पण चित्र चुकतंय? ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=१’ लावा. याने चित्र सीपीयूवर काढलं जातं. ओपनजीएल आणि वल्कन या प्रोग्रामने ग्राफिक्स मागायच्या दोन पद्धती; हे व्हेरिएबल ओपनजीएलपुरतं, वल्कनसाठी लाव्हापाइप हा सीपीयूवर चालणारा ड्रायव्हर निवडावा लागतो. चूक तशीच राहिली तर प्रोग्राम किंवा मेसाचा सामाईक भाग तपासा. चित्र सुधारलं तर चिपच्या ड्रायव्हरवरचा संशय वाढतो, पण तो सिद्ध होत नाही. प्रोग्राम न भरलेली मेमरी वाचत असेल आणि सीपीयूवर तिथे योगायोगाने शून्यं मिळत असतील, तरीही चित्र नीटच दिसेल. एएमडीच्या वल्कन ड्रायव्हरवर ‘आरएडीव्ही_डीबग=झीरोव्हीरॅम’ने जीपीयूची मेमरीही शून्यांनी भरून हे पडताळता येतं. ठिपके चौकोनी आणि ठरावीक आकाराचे असतील तर त्याच व्हेरिएबलला ‘नोडीसीसी’ लावून रंगांचं कॉम्प्रेशन बंद करा. एका वेळी एकच पर्याय, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

खरी डोकेदुखी हँगची, म्हणजे जीपीयू अडकून पडण्याची. सीपीयू आज्ञांची बॅच भरतो, जीपीयूकडे सोपवतो आणि पुढे निघून जातो. जीपीयू अडकतो तेव्हा प्रोग्राम बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे बॅकट्रेसमध्ये (त्या क्षणी प्रोग्राम कुठल्या कॉलमध्ये होता त्याच्या यादीत) सापडलेला कॉल बहुधा निर्दोष असतो. इंटेलच्या चिपवर ‘इंटेल_डीबग=सिंक’ प्रत्येक बॅच संपेपर्यंत थांबायला लावतं, आणि गुन्हेगार बॅच नेमकी हाती लागते. कधी कधी सिंक लावताच हँगच नाहीसा होतो. लोक यावर वैतागतात; मला तर हा उत्तम पुरावा वाटतो. कुठेतरी ड्रायव्हरची आधीचं काम संपायची वाट पाहायची किंवा कॅश फ्लश करायची (तात्पुरत्या साठ्यातला डेटा मेमरीत उतरवायची) राहिली आहे, हा पहिला तर्क करावा. बॅचमधल्या आज्ञा बघायला ‘इंटेल_डीबग=बॅट’ आहे. त्याचं आउटपुट प्रचंड असतं, ते सरळ फाइलीत वळवा.

कर्नलची बाजू विसरू नका. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या लॉगमध्ये जीपीयू हँगची नोंद असते. इंटेलच्या आय९१५ या कर्नल ड्रायव्हरमध्ये त्या क्षणाची स्थिती ‘/सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०/एरर’ इथे मिळते. ती मेमरीत असते, म्हणून रीबूटच्या आधी ‘कॅट’ने दुसरीकडे उतरवा. शिवाय तिथे पहिलाच हँग टिकतो. फाइल साफ केल्याशिवाय पुढचा नोंदला जात नाही. डेव्हकोअरडंप (बिघाडाच्या वेळची स्थिती साठवायची कर्नलची सोय) वापरणाऱ्या ड्रायव्हरांत घाई आणखी करायला हवी, तो डंप ५ मिनिटांत आपोआप पुसला जातो.

पडदा काळा पडणं, मॉनिटर न ओळखणं हा वेगळा प्रांत. तिथे मेसाची व्हेरिएबलं उपयोगाची नाहीत. बूट करताना कर्नलला ‘डीआरएम.डीबग=०एक्स१ई’ द्या (हे व्हेरिएबल नव्हे, डीआरएम हा कर्नलचा ग्राफिक्स भाग), सोबत लॉगची जागा वाढवायला ‘लॉग_बफ_लेन=४एम’ द्या, नाहीतर सुरुवातीच्या नोंदी वाहून जातील.

बग कळवण्याआधी एपीआयट्रेस या प्रोग्रामचे ग्राफिक्स कॉल टिपणाऱ्या साधनाने रेकॉर्डिंग (ट्रेस) करा आणि ते त्याच मशीनवर पुन्हा चालवून बघा. रीप्लेमध्येही चूक दिसली, तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तुमचा खेळ विकत घ्यावा लागत नाही. ट्रेससोबत मेसा आणि कर्नलची आवृत्ती, चिपचं नाव, आणि कोणता पर्याय लावल्यावर चूक गेली तेही लिहा.